पूर ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस

मे महिना संपत आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यंदा पूर येणार का हो?" याचे उत्तर माझ्याकडे नाही. पण पूर आलाच, तर तो ओसरल्यानंतरच्या पंधरा दिवसांत कोणते आजार येतात हे सांगता येते. ते किती येऊ द्यायचे, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

22 जुलै 2021 चा दिवस महाड-पोलादपूरकरांना नव्याने सांगायला नको. महाबळेश्वरला त्या वेळी 24 तासांत जवळपास 600 मिलिमीटर पाऊस झाला. सावित्री तिथेच उगम पावते, पोलादपूरवरून खाली येते आणि महाडच्या परिसरात गांधारी व काळ नद्या तिला मिळतात. समुद्राला भरती असली की हे पाणी लवकर ओसरत नाही. शहर बुडाले. तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी बळी घेतले. 2005 च्या जुलैमध्ये दासगाव, जुई या गावांनी हेच दुःख भोगले होते.

हवामान बदलते आहे, हे आता केवळ म्हाताऱ्या माणसांचे निरीक्षण राहिलेले नाही. पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवून दिले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाचे लोंढे हे त्याचे एक मुख्य कारण. जगाचे तापमान वाढवण्यात पोलादपूरच्या भातशेतकऱ्याचा वाटा नगण्य आहे, पण त्याचे परिणाम त्याच्या दारात येतात. म्हणून "सगळे जग सुधारेल तेव्हा बघू" असे म्हणणे आपल्याला परवडणारे नाही.

आता आजारांकडे वळू. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा नावाचे जंतू पुराच्या पाण्यात आणि चिखलात मिसळतात. पायाला भेग किंवा खरचटलेले असेल तर तिथून ते शरीरात शिरतात. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोके दुखते, डोळे लाल होतात. माणसाला वाटते, चिखल उपसून अंग दुखत असेल. तो दुकानातून तापाची गोळी आणतो आणि कामाला लागतो. दिवस वाया गेले की कावीळ होते, लघवी कमी होते, मूत्रपिंड आणि फुप्फुसांना धोका पोहोचतो. वेळेत प्रतिजैविक औषध सुरू केले तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

अनेक जण सांगतात, "आमच्या घरी फिल्टर आहे." चांगले आहे. पण उंदीर तुमच्या घरातल्या नव्हे, गल्लीतल्या कचऱ्यावर जगतो. डास शेजारच्या पडक्या टाकीत वाढतो. पुरानंतरचे आरोग्य एकट्याने विकत घेता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियम नाहीत, योजना नाहीत, असेही नाही. पण नुसत्या कागदावर काय होते, याचा धडा महाडनेच दिला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये तसा ठराव केला. तरीही अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना चवदार तळ्याचे पाणी मिळाले नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. त्या अन्यायाची आणि पुराची बरोबरी करायची नाही. पण ठराव झाला म्हणजे काम झाले असे नसते, हे आपण विसरू नये. आणि पुरानंतर शुद्ध पाणी शेवटच्या वाडीला सगळ्यात उशिरा का पोहोचते, हा प्रश्नही विचारत राहावा.

दुसरे उदाहरण विंचूदंशाचे. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात पूर्वी कितीतरी माणसे, विशेषतः मुले, दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. पण गोळी उपयोगी पडण्यासाठी रुग्णाने मांत्रिकाकडे वेळ न घालवता दवाखान्यात यावे लागते. औषधाच्या जोडीला लोकांची सवयही बदलावी लागते.

म्हणून पावसाआधी एवढे करा. गल्लीतली गटारे आणि कचरा जूनपूर्वी साफ होईल, यासाठी पाठपुरावा करा. गावच्या जलसुरक्षकाला विचारा: ब्लीचिंग पावडर शिल्लक आहे का, ओटी चाचणी रोज होते का? रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि औषधाची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवा. डोंगरावर वणवे लावू नका, उतार खोदून घर बांधू नका. जमिनीला भेगा पडल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर आदेशाची वाट न पाहता घर सोडा. कुठे जायचे, हे ग्रामसभेत आधीच ठरलेले असावे.

पुरानंतर चिखलात उतरताना गमबूट घाला, जखम झाकून ठेवा, पाणी उकळून प्या. धनुर्वाताचे इंजेक्शन आणि लेप्टोची प्रतिबंधक गोळी यांबद्दल डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. गोळी मनाने घेऊ नका, ती लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना चालत नाही. आणि ताप आला तर पहिल्याच दिवशी दवाखान्यात या. "डॉक्टर, मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो," एवढे एक वाक्य आठवणीने सांगा. त्याने निदान लवकर होते.