अँटिबायोटिक घेण्याआधी जंतूचे नाव विचारा

‘मागच्या वेळची तीच गोळी द्या.’ मेडिकलच्या काउंटरवरचे हे वाक्य राजापेठेत काय किंवा अकोल्यात काय, कुणालाच नवे नाही. पण मागच्या वेळचा ताप आणि आजचा ताप एकाच जंतूचा आहे, हे कुणी तपासले?

गोळीने बिघडते काय?
सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक चालते ते जिवाणूंवर. गरज नसताना घेतलेली गोळी शरीरातले साधे जिवाणू मारते आणि औषधाला दाद न देणारे मागे ठेवते. पुढे तेच वाढतात. अशा जिवाणूंमुळे २०१९ मध्ये जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मधील अभ्यासाने मांडला आहे.

हा धोका आपल्यापासून दूर नाही. तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११च्या अखेरीस जगासमोर आणले होते.

कायदा आहे, मग अडते कुठे?
१ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’ लागू आहे. त्यातील औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रीची नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. नियम योग्यच आहे. मात्र तो फक्त दुकानदारावर लक्ष ठेवतो. चिठ्ठीवरचे औषध तपासणीनंतर लिहिले की अंदाजाने, हे तो विचारत नाही.

कल्चर म्हणजे काय?
लघवी, रक्त किंवा पू यांचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जिवाणू वाढवतात. मग वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवून पाहतात. ज्या चकतीभोवती पुरेशी मोकळी जागा पडते, ते औषध लागू. अहवालात ‘एस’ म्हणजे लागू, ‘आर’ म्हणजे निकामी. नमुना शक्यतो पहिल्या डोसआधीच द्यावा.

अहवालाला दोन-तीन दिवस लागतात, पैसेही लागतात. पण चुकीच्या गोळीचा कोर्स, पुन्हा ताप आणि मग भरती, हा हिशेब त्याहून महाग पडतो. २०१८ मध्ये विदर्भात स्क्रब टायफसने जीव घेतले. त्यावर साधी, जुनी डॉक्सिसायक्लिन चालते. नेहमीची महागडी सेफॅलोस्पोरिन इंजेक्शने चालत नाहीत. तिथे निदानच अर्धे औषध असते.

गंभीर रुग्णाने थांबायचे का?
मुळीच नाही. नमुना घेऊन डॉक्टर लगेच औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरजेप्रमाणे बदलतात. हा पहिला अंदाज अचूक यायचा, तर आपल्या भागात कोणते औषध किती लागू पडते, हे डॉक्टरांना ठाऊक हवे. त्यासाठी अमरावती आणि अकोल्यातील सरकारी व खासगी प्रयोगशाळांचे अहवाल रुग्णांची नावे वगळून एकत्र करावेत आणि दरवर्षी एका पानाचा तक्ता गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत पोहोचवावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, इच्छा लागते.

आपण काय करायचे?
पाकिटावर लाल रेघ दिसली तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी रुग्णालयात क्षयाची मोफत तपासणी करा. आणि डॉक्टरांना एवढे जरूर विचारा : ‘आधी कल्चर करायचे का?’