शस्त्रक्रिया की इंजेक्शन?

आलापल्लीच्या शाखेत असताना मला स्वतःला हा त्रास झाला. शौचाच्या वेळी काचेने चिरल्यासारखी वेदना आणि नंतर दोन तास आग. आपल्याकडे अशा दुखण्याचे नाव काढत नाहीत. काढलेच तर ‘मूळव्याध’ म्हणून मोकळे होतात. मीही आठ महिने चूर्णांवर काढले. तपासणीत मूळव्याध नव्हतीच. गुदद्वाराच्या कडेला चीर होती, जिला डॉक्टर फिशर आणि वैद्य परिकर्तिका म्हणतात.

सहा-आठ आठवड्यांत न भरलेली चीर जुनाट समजली जाते. वेदनेमुळे आतला वर्तुळाकार स्नायू आवळतो, रक्तपुरवठा घटतो आणि जखम भरत नाही. म्हणून प्रथम इसबगोल, कोमट पाण्यात बसणे आणि स्नायू सैल करणारे मलम देतात. चौविहार पाळणाऱ्यांनी तर सूर्यास्तापूर्वीच पुरेसे पाणी प्यावे. गादीवर बसलेला व्यापारी नेमके तेच विसरतो.

एवढ्याने न भागल्यास दोन मार्ग उरतात. शस्त्रक्रियेत त्या स्नायूचा थोडा भाग छेदतात. दहापैकी नऊहून अधिक रुग्ण बरे होतात. मात्र काहींचा वायूवरील, क्वचित मलावरील ताबा सैल होतो, आणि तो कधी कधी कायमचा. मला दोन महिने काउंटरवर बसण्याची धास्ती वाटे, मग सारे सुरळीत झाले.

दुसरा मार्ग बोटुलिनमच्या इंजेक्शनचा. स्नायू सुमारे तीन महिने सैल राहतो, छेद नसतो आणि ताबा गेलाच तर सहसा परत येतो. पण गुण येण्याचे प्रमाण कमी, व्याधी उलटण्याचे अधिक. माझ्या भाचीला दोन अवघड प्रसूतींनंतर डॉक्टरांनी हेच सुचवले, कारण तिचा स्नायू आधीच दुबळा होता. सात महिन्यांनी ती पुन्हा इंजेक्शन घेऊन आली. तरीही तिचा निर्णय मला योग्यच वाटतो.

भामरागडच्या तरुण दुकानदाराचा हिशेब वेगळा. चंद्रपूर-नागपूरची प्रत्येक फेरी म्हणजे दुकान बंद, आणि पर्लकोटेला पूर आला की रस्ताही बंद. स्नायू धडधाकट असेल, तर त्याने शस्त्रक्रियेचाच विचार आधी करावा.

आणखी एक. या इंजेक्शनच्या काही उत्पादनांत मानवी रक्तातून मिळवलेले अल्ब्युमिन असते. ज्यांना याचे महत्त्व वाटते, त्यांनी ते आधीच विचारून घ्यावे. आणि बाजाराच्या दिवशी ‘मूळव्याधीवर एकच सुई’ म्हणून बसणाऱ्याकडे जाऊ नये. त्याच्या सुईत काय असते, हे कोणी सांगत नाही.