सहा ते नऊ
मंगळवारी संध्याकाळी शेजारचा नववीतला मुलगा दार वाजवत आला, “काका, तुमचीपण लाइट गेलीये का?” आमची होती. पाठीवर क्लासची बॅग, हातात अर्धवट खाल्लेला पोळीचा रोल. सहा ते नऊ ‘फाउंडेशन बॅच’. ओहमचा नियम तोंडपाठ, पण खाली पडलेला एमसीबी वर करायला त्याला मी लागलो. (मला ते वायरमनने ओरडून शिकवलंय, हे मी सांगितलं नाही.) सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासने घेऊच नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये काढली होती, ती बहुधा कुठल्यातरी बॅगेच्या तळाशी डब्याखाली असावीत. माझं मत कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो: शाळा सुटल्यावरचे हे तीन तास पाबळच्या पद्धतीला द्यावेत. शिरूर तालुक्यातल्या या गावी डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तिथल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची पोरं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग करतात, बोर्ड जोडतात, रक्तगट तपासतात, रोपं लावतात. शिवाय केलेल्या कामाचा खर्चही मांडतात. आपल्याला इंजिनिअर व्हायचंय की नाही, हे पर्यायांवर काळे गोल करण्यापेक्षा हाताला चटका बसला की लवकर कळतं. रात्री सव्वानऊला जिन्यात खुडबूड ऐकू आली. बॅग पाठीवर तशीच, आणि स्वारी मोबाइलच्या उजेडात मीटरपेटी उघडून बघत होती. आतून आई जेवायला हाका मारत होती.