मैत्रीला अट नको, श्रद्धेला आडपडदा नको

पुणे सोडून दौंडकडे निघालेली गाडी केडगावला थांबते आणि तोच लोहमार्ग पुढे सोलापूर ओलांडून कलबुर्गीला पोचतो. केडगावला ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन आहे, हे मराठी वाचकाला माहीत असते. १९१२ च्या सुमारास याच मार्गावरच्या गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, रमाबाईंनी मुलींसाठी शाळा काढली आणि त्यांची कन्या मनोरमा तिची मुख्याध्यापिका झाली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि मुलींच्या शिक्षणात तो मुलूख फार मागे होता. पुढे १९२१ साली मनोरमाबाई वारल्या आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. आयुष्याच्या शेवटच्या दशकात या मायलेकींनी अशा मागास मुलखातल्या मुलींसाठी शाळा काढली, ती कशासाठी?

बिदर–कलबुर्गीच्या सीमाभागात या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांच्या ओठांवर तयार असते. ख्रिस्ती माणूस शाळा काढतो, दवाखाना काढतो, शेजाऱ्याच्या दुखण्यात रात्र जागवतो, ते सारे बाटवण्यासाठी. त्याची मैत्री म्हणजे गळाला लावलेले आमिष. हे झाले एक मत. दुसरे मत आमच्याच काही ख्रिस्ती मंडळींतून ऐकू येते: ज्या मित्राला आपण ख्रिस्ताकडे आणू शकलो नाही, त्याच्यावर घातलेला वेळ वाया गेला. तिसरे मत सुशिक्षितांचे. ते म्हणतात, मैत्री टिकवायची तर धर्माचा विषयच काढू नये. श्रद्धा घरात ठेवावी आणि चहाला बाहेर भेटावे. मी ख्रिस्ती आहे आणि ही तिन्ही मते मला चुकीची वाटतात. तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. खरी श्रद्धा आणि निरपेक्ष मैत्री एका माणसात एकत्र नांदू शकत नाहीत, असे या तिघांनीही धरून चालले आहे. त्या समजुतीचेच खंडन करायचे आहे.

आमिषाचा आक्षेप आधी घेतो, कारण तो आज कायद्यापर्यंत पोचला आहे. कर्नाटकाच्या २०२२ सालच्या धर्मांतरविषयक कायद्याने धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले मोफत शिक्षणही आमिषाच्या व्याख्येत घातले. जून २०२३ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने तो कायदा रद्द करण्याचे ठरवले. कायदा राहो वा जावो, त्यामागची शंका गावागावांत आहे आणि ती नुसती हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

या शंकेची सर्वांत मोठी जाहीर कसोटी १८९३ साली पुण्यात लागली. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी आणि मुलींसाठी शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. मुलींच्या धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असे त्यांचे आश्वासन होते. मात्र त्या स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचे दार उघडे असे आणि ज्या मुलींना यावेसे वाटे त्या आत जाऊन बसत. यावर ‘केसरी’ने झोड उठवली. ज्या न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांनी सदनाला आधार दिला होता, ते सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

रानडे–भांडारकरांच्या आक्षेपात तथ्य होते, हे ख्रिस्ती माणसाने प्रांजळपणे मानले पाहिजे. निराधार बालविधवा ज्या घरी जेवते, त्या घरच्या मालकिणीचा शब्द तिच्यावर दुप्पट वजनाने पडतो. अन्न देणाऱ्याने श्रद्धेविषयी बोलताना म्हणूनच दुप्पट जपून बोलावे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही. मी ख्रिस्ती म्हणून या म्हणण्याला मान देतो. दुसऱ्याचे मन ही माझी मालमत्ता नव्हे, हे मला येशूनेच शिकवलेले आहे.

पण जपून बोलावे हे एक आणि सारी सेवाच आमिष होती हे दुसरे. या दुसऱ्या म्हणण्याला उत्तर देण्यासाठी गोदूबाई जोशी पुरेशा आहेत. शारदा सदनाची ही पहिली विधवा विद्यार्थिनी. रमाबाईंच्या सहवासात त्या काही वर्षे राहिल्या. सदन उघडले त्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८९३ रोजी, त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या शेवटपर्यंत हिंदू राहिल्या. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा त्यांच्या मागे उभी असलेली ही स्त्री एका ख्रिस्ती बाईच्या सदनात लिहायला-वाचायला आणि स्वतःच्या पायावर उभी राहायला शिकली होती. रमाबाईंचे प्रेम आमिष असते, तर बायांचे आयुष्य हे त्यांचे मोठे अपयश ठरले असते. मला तर रमाबाईंच्या कामाचे ते एक उत्तम फळ वाटते.

इथेच दुसरे मत आडवे येते. आमच्यातला उत्साही बंधू म्हणेल, शिक्षण मिळाले, संसार झाला, पण तारण? बाया ख्रिस्ताकडे आल्या नाहीत, मग रमाबाईंनी काय मिळवले? या बंधूला मी शुभवर्तमानच उघडायला सांगतो. लूक दहा कुष्ठरोग्यांची हकिगत सांगतो. दहाही बरे झाले, परत येऊन आभार मानणारा एकच निघाला, तोही शोमरोनी. येशूला उरलेल्या नऊ जणांची खंत वाटली, पण त्यांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही. मार्क एका श्रीमंत माणसाविषयी लिहितो. येशूने त्याच्याकडे पाहिले, त्याच्यावर प्रीती केली आणि सत्य तोंडावर सांगितले. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला आणि येशूने त्याला जाऊ दिले. त्याने प्रीती केली ती उत्तर मिळण्याच्या आधी, आणि नकार आला म्हणून ती खोटी ठरली नाही. मित्राचे नाव उपासनेच्या हजेरीत आले नाही म्हणून मैत्री वाया गेली असे म्हणणारा, गुरूने कधी न केलेला हिशोब गुरूच्या नावाने करतो आहे.

मराठी ख्रिस्ती परंपरेतही हा हिशोब नाकारणारा माणूस होऊन गेला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या आणि काही वर्षांनी पुन्हा एकत्र राहू लागल्या, त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळे सांभाळून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाच्या हिशोबाने. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या काळातले त्यांचे हाल दिसतात. टिळकांच्या निर्णयाने त्यांच्यावर आभाळ कोसळले होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण त्याच पुस्तकात बळजबरीशिवाय चालत राहिलेला संसारही दिसतो. पुढे त्यांच्या अहमदनगरच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा तरुण राहिला, टिळक पतिपत्नींनी त्याला घरच्यासारखे वागवले. तो म्हणजे बालकवी. १९१८ साली अपघाती मृत्यू आला तोवर तो हिंदूच होता. त्याच्या कवितेवर आणि त्याच्या जिवावर टिळकांनी केलेले प्रेम त्यामुळे एका गुंजेनेही कमी झाले नाही. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. स्वतः पाळक असलेल्या माणसाने हे केले.

मैत्रीला मतैक्याची अट घातली की ती कशी गुदमरते, हे रमाबाईंनी स्वतः सोसले होते. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. त्रैक्य, चर्चचा अधिकार, पाद्र्यांची आज्ञा या साऱ्यांवर रमाबाई प्रश्न विचारीत आणि सिस्टरना त्यात अहंकार दिसे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद या ब्राह्मणकन्येने घातला. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांच्या शंकांना शंकांसारखेच उत्तर दिले, विचारांनी आणि धीराने. तरीही रमाबाई आणि जेराल्डीन यांचा संबंध तुटला नाही. रमाबाईंचा पत्रव्यवहार जपून, जुळवून ठेवला तो याच सिस्टरनी. १९७७ साली तो महाराष्ट्रात प्रसिद्ध झाला. वाद घालणारी पत्रे फाडून टाकता आली असती. ती जपून ठेवणे ही मैत्रीच होती आणि मतभेद मिटलेले नसतानाही ती टिकली.

आता तिसरे मत. ते सर्वांत सभ्य आहे, म्हणूनच सर्वांत फसवे. वाद नको म्हणून श्रद्धेविषयी बोलायचेच नाही, असा हा सल्ला आहे. वर्गात, कचेरीत, बसमध्ये भेटणाऱ्या अनोळखी माणसाशी हे ठीक. मित्राशी हे कसे चालेल? आई गेल्यावर मला कशाने सावरले, अन्यायाला सूड न घेता तोंड देण्याचे बळ कुठून आले, पहाटे मी कुणापुढे गुडघे टेकतो, हे ज्याला कधी सांगता आले नाही, त्याच्याशी माझी ओळख आहे, फार तर सलोखा आहे. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो आणि त्याचे कारणही देतो: पित्याकडून जे ऐकले ते सारे त्याने त्यांना सांगून टाकले. येशूच्या लेखी मैत्रीची खूण ही, की तिथे लपवाछपवी नसते. रमाबाईंनी प्रार्थनेच्या खोलीचे दार लावून घेतले असते तर सल्लागार कदाचित राहिले असते. पण मुलींना आपली ही माऊली अर्धीच कळली असती.

दोन्ही बाजूंनी हे लागू आहे. मी माझी साक्ष देणार असेन, तर मित्राची साक्ष ऐकण्याचे कर्ज माझ्यावर आहे. बसवकल्याणच्या माणसाने मला अनुभव मंटपाविषयी, म्हणजे बसवण्णांच्या शरणांच्या सभेविषयी सांगावे, हरळय्या आणि मधुवरस यांच्याविषयी सांगावे. चांभाराच्या मुलाशी ब्राह्मणाच्या मुलीचे लग्न लावल्याबद्दल त्या दोघा बापांनी बाराव्या शतकात प्राण दिले, असे परंपरा सांगते. श्रद्धेपायी माणसामाणसांतली भिंत पाडणे काय असते, हे त्यातून मलाही शिकता येते. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंनी सकलमताचा संप्रदाय उभारला, कलबुर्गीत ख्वाजा बंदे नवाजांच्या दर्ग्यात सर्व जातिधर्मांची माणसे जातात, बिदरला नानक झिऱ्याच्या लंगरात कुणाला धर्म विचारला जात नाही. या मातीत ख्रिस्ती माणूस आपला ख्रिस्त लपवून राहिला तर तो या परंपरेचाही अपमान करतो. इथे प्रत्येकजण आपापले घेऊन आलेला आहे. गप्प राहून कुणीच काही दिलेले नाही.

खंडन झाले. मग मंडन काय? ख्रिस्ती श्रद्धेतून निघणारी मैत्री ही अशी: आपले सत्य उघडपणे सांगणारी, दुसऱ्याचे सत्य मनापासून ऐकणारी आणि त्याने हो म्हटले काय, नाही म्हटले काय, त्याच्या पाठीशी तशीच उभी राहणारी. अशी मैत्री करणाऱ्याच्या आयुष्यालाच अर्थ येतो, असे मी मानतो. अर्थपूर्ण आयुष्य म्हणजे मोठे काम, नाव, यश असे आपण धरून चालतो. गुलबर्ग्याच्या शाळेचे नाव आज कुणाच्या तोंडी नाही. तरी तिथे जी मुलगी पहिल्यांदा पाटीवर स्वतःचे नाव लिहायला शिकली असेल, तिच्यापुरता मनोरमाबाईंच्या आयुष्याचा अर्थ पुरा झाला. आपल्या येशूला जकातदारांचा आणि पापी जनांचा मित्र म्हणून लोकांनी नावे ठेवली. ती शिवी त्याने नाकारली नाही.

सीमाभागातल्या माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना म्हणून माझे सांगणे आहे. नाताळ आणि येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, आपल्याकडे आगेमागेच येतात. शेजारी तुम्हांला शेतात भज्जी, अंबील आणि उंडे खायला बोलावील, तेव्हा मन मोकळे ठेवून जा आणि नाताळाला त्याला आपल्या घरी बोलवा. येशूच्या जन्माने तुम्हांला आनंद का होतो, हे त्याने विचारले तर आडपडदा न ठेवता सांगा. नाही विचारले तर पुढच्या वर्षीही तितक्याच प्रेमाने बोलवा. आपल्या शाळेत, दवाखान्यात आलेला माणूस गरजेपोटी आला आहे, हे विसरू नका. त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन धर्माची बोलणी करणे हे पाप आहे, ते आपल्यात कुणी करीत असेल तर आपणच त्याला थांबवा.

आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकालाही एक विनंती. तुमच्या ख्रिस्ती मित्राच्या मनात काय आहे याचा तर्क करीत बसण्यापेक्षा त्यालाच विचारा. तुम्ही कधीच ख्रिस्ती होणार नाही, असे त्याला सरळ सांगा. त्यानंतरही तुमच्या सुखदुःखात तो पूर्वीसारखाच येत राहिला, तर आमिषाचा आरोप खोटा आहे हे तुम्हीच जाहीरपणे सांगा. आणि तो यायचा थांबला, तर दोष त्याचा आहे, ज्याचे नाव तो घेतो त्या येशूचा नव्हे.