विश्लेषण : माशाची तुटलेली दृष्टिचेता पुन्हा वाढते, माणसाची का नाही?

काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. औषधे आणि शस्त्रक्रिया उरलेली नजर सांभाळतात, इतकेच. कारण डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेतील सुमारे 10 लाख तंतूंपैकी जे मरतात, ते पुन्हा उगवत नाहीत. गोल्डफिशची हीच चेता कापली, तर काही आठवड्यांत तो पुन्हा पाहू लागतो.

तंतूंना पत्ता कसा सापडतो?

हे तुटलेली तार जोडण्यासारखे नाही. जखमेपलीकडचा तुकडा नष्ट होतो आणि दृष्टिपटलातील पेशीला नवा तंतू वाढवून मेंदूतील नेमक्या जागी पोहोचवावा लागतो. तंतू कुठेही जोडले जातात, बाकी सारे सरावाने जमते, असा एकेकाळी समज होता. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी 1940च्या दशकात बेडकाची चेता कापून डोळाच उलटा फिरवला. नजर परत आली, पण उलटी! माशी वर दिसली की बेडूक खाली झेपावे आणि ही चूक त्याने कधीच सुधारली नाही. तंतू आपल्या जुन्याच जागी परतले होते. 1963 मध्ये गोल्डफिशच्या दृष्टिपटलाचा काही भाग काढून चेता कापली, तेव्हा उरलेल्या भागातील तंतू रिकाम्या जागा ओलांडून स्वतःच्याच ठिकाणी गेले. पेशींवर रासायनिक खुणा असाव्यात, हा स्पेरींचा तर्क होता. एफ्रिन नावाच्या प्रथिनांनी तो 1990च्या दशकात बराचसा खरा ठरवला.

बराचसा, पूर्ण नव्हे. अर्धे दृष्टिपटल उरलेल्या माशात काही महिन्यांनी तंतू मेंदूचा रिकामा भागही व्यापतात. शिवाय चेतेतील विद्युत संदेश औषधाने रोखले, तर तंतू पोहोचतात, पण नकाशा धूसरच राहतो. म्हणजे पत्ता रसायनांचा, पण घर नक्की होते ते वापराने.

सस्तन प्राण्यांचे अडते कुठे?

माशाच्या बहुतेक पेशी जखमेनंतर जगतात आणि वाढीची जनुके पुन्हा सुरू करतात. आपल्या पेशी मात्र मोठ्या संख्येने मरतात. उरलेल्यांना मायलिनमधील नोगोसारखी प्रथिने आणि जखमेचा व्रण अडवतो. तरीही दार पूर्ण बंद नाही. 1980च्या दशकात मॉन्ट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो यांच्या चमूने उंदराच्या दृष्टिचेतेच्या जागी पायातील चेतेचा तुकडा बसवला, तेव्हा काही तंतू मेंदूपर्यंत पोहोचले. 2008 मध्ये ‘पीटेन’ हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांतही चेतेत नवे तंतू वाढले. पण ते मोजकेच. एवढ्या आधारावर ‘स्टेम सेल’ने नजर परत देण्याच्या जाहिराती करणे ही रुग्णांची फसवणूकच.

नेत्रदानात पूर्ण डोळा बसवला जातो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बसवतात ते डोळ्यापुढचे पारदर्शक पटल. 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जगात प्रथमच संपूर्ण डोळ्याचे प्रत्यारोपण झाले. डोळा जगला, त्यात रक्त खेळू लागले. दिसत मात्र काहीच नव्हते.