शून्याचा कर्ता

फुटबॉलच्या सामन्याची हकीकत सांगणारा मनुष्य गोल कोणीं केला हें आधीं सांगतो. गोल होऊं कोणीं दिला नाहीं, हें सांगण्याचें त्यास बहुधा सुचत नाहीं. गल्लींत मुलांचा डाव मांडला जातो तेथेंही हाच न्याय. जो चपळ तो पुढें, आणि ज्यास धड पळतां येत नाहीं असा धाकटा भाऊ दोन दगडांच्या मध्यें उभा! राखणीचें काम हलकें, ही समजूत इतक्या कोवळ्या वयांत अंगीं मुरते. ती कितपत खरी आहे हें पाहावें, म्हणून या महिन्यांत एका गोलरक्षकाची कारकीर्द वाचकांपुढें ठेवीत आहों.

हे गृहस्थ म्हणजे गोमंतकाचे श्री. ब्रह्मानंद शंखवाळकर. यांचा जन्म १९५४ सालचा. १९६१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज अंमल संपून गोवा मोकळा झाला, तेव्हां ते सात वर्षांचे होते. पुढें त्यांच्या उमेदीचीं बहुतेक वर्षें साळगांवकर क्लबाच्या सेवेंत गेलीं. त्या काळीं फुटबॉलची पंढरी म्हणजे कलकत्ता. नांव मिळवावयाचें तर तिकडे जावें, अशी रीत होती. शंखवाळकर यांनीं आपली कारकीर्द मुख्यतः गोव्यांतच केली, आणि तरीही १९८३ ते १९८६ या काळांत भारतीय संघाचें कर्णधारपद त्यांच्याकडे आलें. गोलाच्या तोंडाशीं जागा एकच असते, आणि बंगालचे भास्कर गांगुली यांच्यासारखा तोलाचा गोलरक्षक त्याच काळांत खेळत होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे या मानाची किंमत कळते.

गोव्यानें संतोष करंडक पहिल्यानें मिळविला तोही याच काळांत. १९८२-८३ च्या हंगामांत कलकत्त्यास बंगालशीं झालेल्या अंतिम झुंजींत कोणासच गोल करतां आला नाहीं, आणि करंडक दोघांत विभागला गेला. पुढच्या हंगामांत मद्रासला गोव्यानें पंजाबवर एक विरुद्ध शून्य अशी मात केली. यांतील ‘एक’ करणारा लोकांच्या ध्यानांत राहतो. ‘शून्य’ राखणारा कोण, हें मुद्दाम विचारावें लागतें!

आतां या कामाचें मर्म पाहूं. गोलाची चौकट चोवीस फूट रुंद व आठ फूट उंच. एवढें दार एका माणसानें हातांनीं झांकणें अशक्यच. म्हणून जाणता गोलरक्षक रेषेवर खिळून राहत नाहीं. प्रतिपक्षाचा गडी चेंडू घेऊन येऊं लागला कीं तो दोन पावलें पुढें सरतो. त्यामुळें समोरच्यास चौकटीचा मोकळा भाग कमी दिसूं लागतो, आणि चेंडू आपसुक रक्षकाच्या हातीं येतो. प्रेक्षक टाळ्या वाजवितात त्या मोठ्या झेपेला. परंतु पुष्कळदां झेंप घ्यावी लागते ती उभें राहण्याची जागा चुकल्यामुळें! जो योग्य जागीं उभा, त्याला धडपडावें लागत नाहीं. आणि धडपडत नाहीं म्हणून तो कांहींच करीत नाहीं असें लोकांस वाटतें.

अशा कामाची दखलही सावकाशच घेतली जाते. शंखवाळकर यांस अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ सालीं. म्हणजे कर्णधारपदापासून मोजलें तर चौदा वर्षांनीं. रामाचा वनवास तरी याहून निराळा कोठें होता? पद्मश्री मिळण्यास तर २०२२ साल उजाडलें.

परदेशींही निराळा प्रकार नाहीं. ग्रीस देशाचा अंतोनिस निकोपोलिदिस हा पानाथिनायकोस या क्लबांत कित्येक वर्षें पोलंडहून आलेल्या एका गोलरक्षकाच्या मागें बाकावर बसून होता. देशाच्या संघांत त्याला जागा मिळाली ती अठ्ठाविसाव्या वर्षीं. पुढें २००४ सालीं युरोपच्या अजिंक्यपदासाठीं शेवटचे तीन सामने ग्रीसनें फ्रान्स, चेक व पोर्तुगाल यांच्याविरुद्ध जिंकले, ते तिन्ही एक विरुद्ध शून्य असे. जगानें डोक्यानें गोल मारणारास उचलून धरिलें. परंतु तीं तीन शून्यें नसतीं, तर त्या तीन एकांचें मोल काय झालें असतें?

बोईसरच्या वाचकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत्‌केंद्र सुरू झालें, भोंवतीं कारखाने उभे राहिले, आणि येथील किती तरी घरांतील कर्तीं माणसें पाळीचें काम करूं लागलीं. रात्रभर कांट्यांवर, झडपांवर, बॉयलरवर डोळा ठेवावयाचा, आणि सकाळीं वहींत लिहावयाचें कीं विशेष कांहीं घडलें नाहीं. त्या एका ओळींत साऱ्या रात्रीचा पराक्रम असतो.

आणि घराचें काय? मोठ्या कुटुंबांत वृद्धांचीं औषधें वेळेवर देणारी सून, दूध उतूं जाण्यापूर्वीं चुलीपाशीं पोंचणारी काकू, दोन भावांतला शब्द वाढण्याआधींच विषय बदलणारी आजी, हीं सारीं गोलरक्षकेंच होत. त्यांच्या हातून एखादा चेंडू सुटला तर वर्षानुवर्षें बोल ऐकावा लागतो. अडविलेल्या शंभरांची मात्र नोंद नाहीं. गोव्याच्या गांवोगांवीं राखणदाराचें स्थान असतें. तो डोळ्यांस दिसत नाहीं. पण गांव सुखरूप आहे याचें श्रेय लोक त्यासच देतात आणि वर्षांतून एकदां तरी त्याचा मान ठेवितात. तेवढी बुद्धि आपणांसही असावी. रात्रपाळीहून परतलेला मनुष्य ‘आज कांहीं विशेष नाहीं’ असें म्हणाला, तर ती आनंदाचीच वार्ता समजून त्याच्यापुढें चहाचा पेला ठेवावा. आणि तो पेला ठेवणारीस, तुझा दिवस कसा गेला, हेंही कोणीं तरी विचारावें.