पदपथावरील बर्फ कोणाचा?

न्यूयॉर्कमध्ये हिमवर्षाव झाला की मोटाररस्त्यांवरील बर्फ महापालिकेची यंत्रे हटवितात. पदपथावरील बर्फ मात्र लगतच्या मालमत्ताधारकाने उपसावयाचा; न उपसल्यास दंड भरावयाचा. २००३ साली तर पदपथावर घसरून होणाऱ्या इजेच्या भरपाईचे दायित्वही महापालिकेने झटकले. मालक स्वतः राहतो अशी, तीन कुटुंबांपर्यंतची घरे तेवढी वगळली. म्हणजे मोटारीची वाट ही सार्वजनिक जबाबदारी. आणि पहाटपाळीचा कामगार, काठी टेकणारी वृद्धा, चाकाच्या खुर्चीतील अपंग यांची वाट घरमालकाच्या मर्जीवर! कर तर पायी चालणारेही भरतात. घरमालक परगावी किंवा अंथरुणाला खिळलेला असला, की त्यांची वाट बंद. कॅनडातील मॉन्ट्रियलची महापालिका पदपथही स्वतःच्या यंत्रांनी साफ करते, आणि तेथे न्यूयॉर्कहून कितीतरी अधिक बर्फ पडतो.